ब्लूबर्ड पुन्हा पाण्यावर आणि बाबांचे ऑर्फियस

"ही शेपटी आपली आहे," बाबा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून लॅपटॉपच्या पडद्याजवळ वाकले.

२०१८ चा ऑगस्ट होता. पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर मी त्यांना एक चित्रफीत दाखवत होते. स्कॉटलंडमधील ब्यूट नावाच्या बेटावर लॉक फॅड हे एक लांबट, शांत तळे आहे. त्या तळ्याच्या काठावरून एक निळी बोट हळूहळू पाण्यात उतरवली जात होती. तिचे नाव ब्लूबर्ड के-७. ४ जानेवारी १९६७ रोजी ही बोट इंग्लंडमधील कॉनिस्टन वॉटर या सरोवरात ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असताना हवेत उलटली, फुटली आणि तिचे चालक डोनाल्ड कॅम्पबेल यांच्यासह तळाशी गेली. त्यानंतर ५१ वर्षांनी ती स्वतःच्या इंजिनाच्या बळावर प्रथमच धावणार होती. बाबांना मी यातले काहीच आधी सांगितले नव्हते. बोटीच्या मागच्या टोकाला जो उभा पंख आहे, तो पाहून त्यांनी ओळख पटवली, कारण तो नॅट या लढाऊ विमानाचा पंख आहे आणि बाबांच्या तारुण्याची वर्षे नॅटच्या पोटाखाली गेली आहेत.

बाबा १९६५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वायुसेनेत एअरमन म्हणून भरती झाले आणि इंजिन फिटर झाले. अंबाल्याच्या तळावर त्यांनी ज्या इंजिनावर हात बसवला, ते ब्रिस्टल सिडली कंपनीचे ऑर्फियस. हवा दाबणारा सात टप्प्यांचा कॉम्प्रेसर, त्याला फिरवणारी एका टप्प्याची टर्बाइन आणि दोहोंना जोडणारा एकच शाफ्ट, अशी त्याची अगदी सुटसुटीत रचना. वजन चारशे किलोच्या आत. नॅट हे विमान मुळात लहान, हलके आणि स्वस्त असावे या कल्पनेतून फोलंड कंपनीने बनवले होते आणि ऑर्फियसशिवाय ती कल्पना कागदावरच राहिली असती. ब्रिटनने नॅटचा उपयोग मुख्यतः प्रशिक्षणासाठी केला, लढाईत मात्र ते गाजवले आपण. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बंगळुरूमध्ये नॅट बांधले, १९५७ मध्ये तेथे इंजिनांचा विभाग सुरू झाला तोच ऑर्फियस बनवण्यासाठी, आणि जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या मारुत विमानात हीच इंजिने जोडीने बसवली गेली. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांना एकट्याने भिडलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों नॅटमध्येच होते. वायुसेनेला मिळालेले आजवरचे एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे. बाबा त्यांच्याविषयी बोलताना आजही एकेरी नाव घेत नाहीत.

तेच इंजिन एका बोटीत कसे गेले, ही हकिगत त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितली. ती येथेही सांगते, कारण ती ठाऊक नसेल तर पाण्यात उतरणारी निळी बोट म्हणजे केवळ एक देखणी बोट वाटेल.

डोनाल्ड कॅम्पबेल यांचे वडील सर माल्कम कॅम्पबेल यांनी जमिनीवरचे आणि पाण्यावरचे वेगाचे विक्रम केले होते. १९४८ च्या अखेरीस ते वारले. मुलाने वडिलांच्या जुन्या बोटीवर काही प्रयत्न केले, परंतु ती बोट पुरी पडेना, तेव्हा केन आणि ल्यू नॉरिस या अभियंता बंधूंकडून त्यांनी नवी बोट आखून घेतली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा आणि पोटात जेट इंजिन, अशी के-७ १९५५ च्या सुरुवातीला तयार झाली. ही बोट पूर्ण वेगात असताना पाण्याला केवळ तीन ठिकाणी टेकते: पुढे दोन बाजूंना असलेले दोन फ्लोट आणि मागे तळाचा एक लहानसा भाग. उरलेली सगळी बोट हवेत असते. पाण्याचे घर्षण त्यामुळे कमालीचे घटते, मात्र अंगाखालून शिरणारी हवा नाक वर उचलू लागली की तिला धरून ठेवणारे फारसे काही उरत नाही. बोटीचे सामर्थ्य आणि तिचा धोका दोन्ही त्या एकाच रचनेत आहेत.

२३ जुलै १९५५ रोजी अल्सवॉटर या सरोवरात तिने ताशी २०२.३२ मैल, म्हणजे सुमारे ३२६ किलोमीटर वेग गाठला. त्याच वर्षी अमेरिकेतील लेक मीडमध्ये, प्रेक्षकांच्या बोटींनी उठवलेल्या लाटांचे पाणी आत शिरून ती एकदा बुडालीही. तिला वर काढून, साफ करून पुढच्याच महिन्यात तेथे दुसरा विक्रम झाला. १९६४ च्या शेवटच्या दिवशी पश्चिम ऑस्ट्रेलियातील डम्बलयंग सरोवरात ताशी २७६.३३ मैल, म्हणजे सुमारे ४४५ किलोमीटर, हा तिचा सातवा आणि शेवटचा विक्रम. त्याच वर्षी जुलैमध्ये लेक एअरच्या कोरड्या पात्रात कॅम्पबेल यांनी मोटारीने ताशी ४०३.१० मैलांचा जमिनीवरचा विक्रम केला होता. एकाच वर्षात जमिनीवर आणि पाण्यावर दोन्ही विक्रम करणारा दुसरा माणूस अद्याप झालेला नाही.

तोवर बोट दहा वर्षांची झाली होती. तिचे मूळ बेरिल इंजिन सुमारे सोळाशे किलोचा रेटा देत असे. ताशी ३०० मैलांचा टप्पा ओलांडण्यासाठी कॅम्पबेल यांनी १९६६ मध्ये ते काढून त्याहून बरेच हलके आणि दोन हजार किलोंहून अधिक रेटा देणारे ऑर्फियस बसवले आणि बोट सरळ रेषेत राहावी म्हणून नॅटच्याच शेपटीचा उभा पंख मागे जोडला. त्या हिवाळ्यात कॉनिस्टनच्या काठावर त्यांचे वृद्ध मुख्य मेकॅनिक लिओ व्हिला आणि त्यांचे सहकारी ज्या इंजिनाशी झुंजत होते, त्याच घराण्यातल्या इंजिनाशी त्याच हिवाळ्यात बाबा अंबाल्याच्या थंडीत झुंजत होते.

हे ऐकून बाबांनी विचारले, "इन्टेकमध्ये पाणी कसं जात नाही?"

इन्टेक म्हणजे इंजिन हवा आत ओढते ते तोंड. इंजिन फिटरला पडावा असाच हा प्रश्न आहे. तळावर विमान चालू करण्याआधी तोंडाजवळ एखादा स्क्रू, चिंधी किंवा खडा तर नाही ना, हे पाहण्यासाठी ते जमिनीवर अक्षरशः लोळत असत आणि काम संपल्यावर पेटीतले प्रत्येक हत्यार मोजून ठेवत असत, कारण कॉम्प्रेसरच्या पात्याला नखाएवढी खाच पडली तरी ते पाते बदलावे लागते. अशा इंजिनाचे तोंड पाण्यापासून हातभर अंतरावर ठेवायचे, ही कल्पनाच त्यांना मानवेना. त्यांची शंका रास्त होती. १९५५ च्या पहिल्या चाचण्यांतच पुढच्या फ्लोटमुळे उडणाऱ्या तुषारांनी बोटीला सतावले होते आणि दोन फ्लोटना जोडणारी आडवी तुळई वर उचलून घ्यावी लागली होती. चित्रफितीत ती उंच, वाकलेली तुळई स्पष्ट दिसते. मी बोट ठेवून दाखवल्यावर बाबांनी मान डोलावली, तरी त्यांचे समाधान झाले नाही. बोट मंद असते तेव्हा तिचे शेपूट पाण्यात खोल बसलेले असते, म्हणून चालकाला इंजिनाचा जोर वाढवून तिला लवकरात लवकर पाण्याबाहेर उचलावे लागते. तिचा खरा नाजूक काळ तोच.

जुन्या अपघाताविषयी मला सर्वांत जवळून कळते ती गोष्ट लाटांची. मी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि शिक्षणाची चार वर्षे संगमाजवळच्या आमच्या बोट क्लबवर वल्ही मारली. १९२८ पासून भरणाऱ्या रेगाटाच्या, म्हणजे नौकामहोत्सवाच्या, तालमींत, सोबतची मोटरबोट एकदा शेजारून गेली की आम्ही थांबून राहत असू. तिच्या लाटा आधी आपल्याखालून जातात, मग मुळा नदीच्या काठांवर आपटून परततात आणि येणाऱ्या व जाणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळल्या की पाणी खडबडीत होते. आमचा वेग सायकलच्या वेगापेक्षा अधिक नसे, तरी त्या पाण्यावर अरुंद बोट हातात राहत नसे. विक्रमाचा नियम असा आहे की मोजलेल्या अंतरावरून एका तासाच्या आत दोन्ही दिशांनी धाव घ्यायची आणि दोहोंची सरासरी धरायची. ४ जानेवारीच्या सकाळी कॅम्पबेल यांची पहिली धाव ताशी २९७.६ मैल, म्हणजे सुमारे ४७९ किलोमीटर भरली. इंधन भरण्यासाठी आणि पाणी निवळण्यासाठी न थांबता ते लगेच परत फिरले. अपघाताच्या कारणांची चर्चा अभियंते अजून करतात. त्यात बोटीच्या स्थैर्याची मर्यादा आहे, इंजिनाचा रेटा ऐन वेळी गेला असण्याची शक्यता आहे आणि पाण्याचा खडबडीतपणाही आहे. कॅम्पबेल यांचा निर्णय चुकला असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु पहिल्या धावेच्या लाटा तेथे होत्या आणि त्या लाटांवर ताशी पाचशे किलोमीटरने जाणे म्हणजे काय, याची मुळेच्या पाण्यावर मिळालेली इवलीशी जाण मला ती जुनी फीत पाहताना प्रत्येक वेळी अस्वस्थ करते.

बोट सुमारे ४५ मीटर खोल पाण्यात चौतीस वर्षे पडून होती. उत्तर इंग्लंडमधील पाणबुडे बिल स्मिथ यांनी तिचा शोध घेतला आणि ८ मार्च २००१ रोजी ती वर आली. मे महिन्यात कॅम्पबेल यांचे पार्थिव सापडले आणि १२ सप्टेंबर २००१ रोजी कॉनिस्टन गावात त्यांचा दफनविधी झाला. त्यांच्या कन्या जीना यांनी २००६ च्या डिसेंबरमध्ये ते अवशेष गावातल्या रस्किन म्युझियमला दिले आणि पुनर्बांधणीचे काम बिल स्मिथ व त्यांच्या स्वयंसेवकांनी आपल्या कार्यशाळेत हाती घेतले.

येथे एक जुना वाद येतो. वारसा जपण्यासाठी लॉटरीच्या पैशातून अनुदान देणाऱ्या संस्थेने या पुनर्बांधणीला पैसे नाकारले. मोडलेली बोट मोडलेल्या अवस्थेतच जपावी, कारण चुरगळलेला पत्रा हाच त्या दिवसाचा साक्षीदार आहे, असा विचार त्यामागे होता. या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करते. एकदा पोचा ठोकून सरळ केला की तो पोचा पुन्हा वाचता येत नाही. तरीही माझे मत दुसऱ्या बाजूला आहे आणि ते केवळ भावनेपोटी नाही.

भोसरीत पत्रेकामाच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षे काम करते आहे. नवा पत्रा कापून वाकवणे सोपे असते. ताणलेला, पिळवटलेला जुना पत्रा परत जागेवर आणणे हे फार वेगळे काम आहे. पत्रा चेपला जातो तेव्हा तो ताणलाही जातो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ वाढते, आणि नुसता ठोकून तो सपाट होत नाही, तर एका जागचा फुगवटा दुसऱ्या जागी जाऊन बसतो. ठोकून ठोकून तो कडक होतो आणि मग तडकतो, म्हणून मधूनमधून तापवून त्याला नरम करावे लागते. अ‍ॅल्युमिनियम तापताना रंग बदलत नाही, त्यामुळे आमच्याकडचे जुने कारागीर त्यावर साबणाची वडी घासतात आणि साबण काळपट झाला की आच काढून घेतात. क्षणभर उशीर झाला तर पत्रा वितळून खाली पडतो. के-७ चा पत्रा अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता, तो सहसा गंजत नाही, आणि गोड्या, थंड पाण्याने त्याचे फारसे नुकसान केले नव्हते. त्या चमूने जेवढा मूळ पत्रा वाचवता येईल तेवढा वाचवला, मूळ सांगाडा दुरुस्त करून वापरला, आणि जे भाग उरलेच नव्हते तेवढेच नव्याने घडवले. नवीन बोट बांधणे त्यांना किती तरी स्वस्त आणि लवकर पडले असते. वर्षानुवर्षे त्यांनी तो महागडा, संथ मार्ग धरला, म्हणूनच लॉक फॅडवर उतरली ती प्रतिकृती नव्हती. १९५५ मध्ये कोणीतरी रिव्हेट मारलेला पत्रा २०१८ मध्ये पाण्यावर होता. मूळ इंजिन मात्र पुन्हा चालवण्याजोगे राहिले नव्हते आणि त्याच्या जागी दुसरे ऑर्फियस बसवले गेले.

आपल्याकडे गावोगावच्या चौकांत खांबांवर चढवलेली निवृत्त विमाने दिसतात. बाबांना ती पाहवत नाहीत. त्यांच्या पोटात इंजिन नसते, इन्टेक पत्र्याने बंद केलेले असते आणि दर पावसाळ्याआधी कोणीतरी वरून रंग मारून जातो. "ते विमान नाही, विमानाचा आकार आहे," असे ते एकदा म्हणाले होते. यंत्राचा आकार जपणे आणि यंत्र जपणे यांतला फरक मला त्यांच्या त्या वाक्याने कळला. बोट पाण्यात उतरवण्याच्या बाजूने मी उभी राहते त्याचे कारणही तेच आहे.

चित्रफितीत बोट उतरली ती ४ ऑगस्टला. त्या दिवशी ती नुसती तरंगली, आणि ती तरंगली एवढ्याच गोष्टीने काठावरची माणसे गहिवरलेली दिसत होती. पुढच्या दिवसांत इंजिन चालू झाले. टेड वॉल्श हे तिचे चालक होते. कॉनिस्टनवर सामान्यतः ताशी दहा मैलांची वेगमर्यादा आहे, त्यामुळे पहिल्या चाचण्यांसाठी हे आडबाजूचे, सुरक्षित तळे निवडले होते, आणि तेथे विक्रमाचा विचार नव्हताच. बोट नीट उचलली जाते का, वळते का, थांबते का, हे पाहायचे होते. रोज थोडा थोडा वेग वाढवत त्यांनी तिला ताशी सुमारे १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटरपर्यंत नेले.

आम्ही दोघांनी त्या धावा एकामागून एक पाहिल्या. बाहेर पाऊस लागला होता, त्यामुळे बाबांनी खिडक्या लावून घेतल्या आणि आवाज पूर्ण वाढवायला सांगितले. लोहगावचा हवाई तळ जवळ असल्याने लढाऊ विमानांचा गडगडाट आमच्या घराला नवा नाही. सुखोई उठले की भांडी थरथरतात आणि बोलणे मध्येच थांबवावे लागते. ऑर्फियसचा आवाज तसा नाही. आधी एक बारीक शीळ, मग ती चढत चढत एका टोकदार, सलग किंकाळीत जाते आणि तिच्याखाली हलकी घरघर राहते. बोट निघाली तेव्हा मागे पांढऱ्या पाण्याची भिंत उठली आणि काही क्षण ती पाण्यात रुतल्यासारखीच दिसली. बाबांची बोटे टेबलाच्या कडेवर आवळली गेली. मग नाक किंचित खाली आले, शेपूट वर आले, मागची भिंत एकाएकी आखूड झाली आणि बोट पाण्यावर चढली. तिच्यामागे तुषारांची एक लांब, सरळ, सपाट रेघ उरली.

"पाणी नाही गेलं आत," बाबा म्हणाले.

नंतरच्या वर्षांत बोटीचा ताबा कोणाकडे असावा आणि ती कोठे, कोणी चालवावी यावरून म्युझियम आणि पुनर्बांधणी करणारे यांच्यात दीर्घ वाद झाला. ज्या हातांनी ती उभी केली आणि ज्या गावाला ती देण्यात आली, त्या दोघांनाही ती आपली वाटणे मला समजते, आणि म्हणूनच तो वाद वाचताना वाईट वाटत राहिले. ९ मार्च २०२४ रोजी, वर काढल्याला तेवीस वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बोट कॉनिस्टनला परतली आणि तिच्यासाठी बांधून ठेवलेल्या दालनात गेली. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. ती चित्रफीतही आम्ही पाहिली, मात्र तिच्यात इंजिनाचा आवाज नसल्याने बाबा लवकर उठले.

पाण्यावरच्या वेगाचा आजचा विक्रम ऑस्ट्रेलियाचे केन वॉर्बी यांच्या नावावर आहे. ८ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांनी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयात ताशी ३१७.६ मैल, म्हणजे ५११ किलोमीटर वेग गाठला. बोट त्यांनी स्वतः बांधलेली होती. हे सांगितल्यावर बाबांनी आकड्यापेक्षा इंजिन कोणते होते हेच आधी विचारले. ते अमेरिकन वेस्टिंगहाउसचे होते, एवढे ऐकून त्यांचे कुतूहल संपले.

त्या ऑगस्टच्या संध्याकाळी मात्र ते एका गोष्टीसाठी अडून बसले. प्रत्येक चित्रफीत धाव संपली की तुटत होती. बोट काठाला लागल्यावर इंजिन बंद करतात तो भाग त्यांना हवा होता. तळावर इंजिन बंद केले की फिटर घड्याळ लावतो. इंधन तोडल्यापासून रोटर, म्हणजे इंजिनाचा फिरता भाग, पूर्ण थांबेपर्यंत किती वेळ लागला ते मोजायचे आणि नोंदायचे, कारण तो वेळ नेहमीपेक्षा कमी भरला तर बेअरिंग कोठेतरी अडते आहे किंवा पाती घासत आहेत असे समजायचे. आकाशात विमानाने काय केले यापेक्षा परत आल्यावर ते किती शांतपणे थांबते, यावरून त्यांना त्याची प्रकृती कळत असे.

मी बराच शोध घेतला. शेवटी काठावरच्या कोणा प्रेक्षकाने मोबाइलवर घेतलेली एक हलती, लांबलचक फीत मिळाली. तिच्यात मध्येच एक छत्री आडवी येते आणि बोट अर्धी दिसते, तरी आवाज सलग आहे. किंकाळी तुटली आणि शीळ उतरू लागली, तेव्हा बाबांनी डावे मनगट डोळ्यांजवळ नेले आणि सेकंदकाट्यावरची नजर काढली नाही. शीळ बारीक झाली, मग नुसती सळसळ उरली, मग पाण्याचा आणि माणसांच्या बोलण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. त्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग टेबलावरचे पेन घेऊन वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी तारीख लिहिली, तिच्यापुढे सेकंदांचा आकडा लिहिला आणि विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, फॉर्म ७०० वर, करत असत तशी खाली आपली लहान सही केली.